मोड आणायची मुभा, आंबवायची बंदी

(द्रोणागिरी, ता. उरण येथे कोरडवाहू भागातून आलेल्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी तुम्ही न्हावा-शेव्याचे बंदर पाहून आलात. आपल्या कापसाच्या गाठी कोणत्या दरवाज्याने परदेशी जातात, ते डोळ्यांनी पाहिलेत. ज्या मातीवर आता आपण बसलो आहोत, तिथल्या शेतकऱ्यांनी नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीचे दाम मागताना १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, गोळ्या झेलल्या. पाच जण हुतात्मा झाले. समोर दिसतो तो द्रोणागिरीचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी बसून आज एक वेगळाच विषय घ्यायचा आहे.

विषय आहे बिअरचा. तीही लाल भोपळ्याची, दालचिनी-जायफळ घातलेली, घरच्या घरी केलेली बिअर. मागच्या रांगेत बायांनी तोंडाला पदर लावला आहे, तो आम्हाला दिसतो. थोडा दम धरा. दारूचा प्रचार करायला आम्ही उभे नाही. ज्या घरात दारू शिरली त्या घराचे काय होते, हे आम्ही तुम्हाला सांगावे असे नाही. प्रश्न पिण्याचा नाही. आपल्या शेतात पिकलेल्या दाण्याचे पुढे काय करायचे, हे कोणी ठरवायचे, असा प्रश्न आहे.

भोपळा बिअरमध्ये गेला कसा?

अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला की गावोगाव भोपळ्याची बिअर निघते. आज ती चैनीची वस्तू आहे, पण तिचा जन्म गरिबीत झाला. इंग्लंडहून तिथे गेलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांकडे बार्ली पुरेशी नव्हती. परसात भोपळे मात्र भरपूर. मग जे पिकले तेच आंबवले. पुढे बार्ली मुबलक झाली आणि भोपळा मागे पडला. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका लहान बिअरवाल्याने तो पुन्हा भांड्यात घातला.

हे फळ आपल्याला काही परके नाही. कुणी डांगर म्हणते, कुणी काशीफळ, विदर्भात कोहळे म्हणतात. उकिरड्यावर बी पडले तरी वेल धरतो, धुऱ्यावर पसरतो. बाजारात नेला तर भाडेही सुटत नाही. भोपळा मिळणे म्हणजे काहीच न मिळणे, असा अर्थ आपल्या भाषेने उगीच नाही केला.

कृती समजून घ्या

आता कृती सांगतो, पण एक ताकीद देऊन. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरच्या घरी पिण्यासाठी केली तरी. तेव्हा कुणी गावी जाऊन भांडे चढवू नये. कृती सांगतो ती यासाठी की, आपल्या मालाची किंमत नेमकी कोणत्या पायरीवर वाढते, ते आपल्याला कळले पाहिजे. ज्याला कृती कळत नाही, त्याला हिशेबही कळत नाही.

पहिली पायरी आपल्या मायबहिणींना कुणी शिकवायला नको. बाळासाठी नाचणीचे सत्व कसे करता? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. बिअरवाले यालाच माल्ट म्हणतात. कारखान्यात बार्लीचे करतात, आपण ज्वारीचे करू. ज्वारी दिवसभर भिजवायची, पाणी दोन-तीनदा बदलायचे. मग ओल्या गोणपाटावर चार-पाच दिवस पसरून ठेवायची आणि अधूनमधून हाताने हलवायची, नाही तर ढीग आतून तापतो आणि बुरशी धरतो. मोड आले की कडक उन्हात वाळवायची.

इथे कोरडवाहू शेतकऱ्याने लक्ष द्यावे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर मरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्वारीच्या कोंबात जे द्रव्य असते त्यापासून सायनाइडचे विष सुटते. मोड आलेल्या दाण्याच्या कोंबातही तेच द्रव्य. म्हणून वाळल्यावर दाणे चोळून, पाखडून, मुळ्या आणि कोंब झाडून काढायचेच. पुढे उकळतानाही भांड्यावर झाकण ठेवायचे नाही, म्हणजे उरलेसुरले वाफेबरोबर निघून जाते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते.

मोड कशासाठी? दाण्यात पिठूळ सत्त्व असते. यीस्ट पीठ खात नाही, साखर खाते. दाणा उगवू लागला की तो आपल्याच कोंबाला भरवण्यासाठी पिठाची साखर करणारे पाचक रस तयार करतो. आपण त्याला अर्ध्या वाटेत थांबवतो आणि ते रस आपल्या कामाला लावतो.

वीस लिटर बिअरला पाच किलो ज्वारीचे माल्ट धरा आणि तीन किलो भोपळा. भोपळा कापून बिया काढायच्या, चुलीच्या आरावर किंवा भट्टीत मऊ आणि थोडा करपट होईपर्यंत भाजायचा, गर काढून कुस्करायचा. भोपळ्यात नव्वद टक्के पाणीच असते. म्हणून त्याने नशा वाढत नाही. रंग, दाटपणा आणि भाजल्याची गोडी येते. खरी साखर ज्वारीतूनच यायची.

ज्वारीची एक अडचण आहे. तिचे पीठ शिजायला पाणी उकळीजवळ न्यावे लागते, आणि एवढ्या उष्णतेत ते पाचक रस मरतात. त्यावर तोड आहे. माल्टचे पीठ कोमट पाण्यात अर्धा तास कालवून ठेवायचे. पीठ तळाशी बसते, रस वरच्या पाण्यात उतरतात. वरचे पाणी वेगळे काढून ठेवायचे. खालचे पीठ आणि भोपळा अर्धा तास शिजवून पेज करायची. पेज थोडी निवाली की वरचे पाणी परत त्यात सोडायचे आणि भांडे ६५ अंशांच्या आसपास तास-दीड तास पोत्यात गुंडाळून ठेवायचे. घट्ट पेज पातळ होऊ लागते, जिभेला गोड लागते. खात्री करायची तर थेंबभर बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. निळे झाले तर पीठ उरले आहे, रंग बदलला नाही तर साखर झाली.

मग गाळायचे. बार्लीला टरफल असते, त्याचीच चाळण होते. ज्वारीला टरफल नाही आणि भोपळ्याचा गर फडके बुजवतो. नवखा माणूस इथेच घाई करतो, पिळतो आणि सगळा गाळ खाली उतरवतो. थांबून, थोडे थोडे गाळावे. गाळलेले पाणी तासभर उकळायचे. कडवटपणासाठी हॉप नावाच्या वेलीची फुले सुमारे तीस ग्रॅम. ती आपल्याकडे होत नाहीत. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होतात. मसाला शेवटच्या पाच मिनिटांत: दालचिनीची पूड एक चहाचा चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव, लवंगा दोन-तीन, बस. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात मसाल्यालाच सैल सुटतो. लवंग जास्त झाली की बिअरला दातदुखीच्या औषधाचा वास येतो.

आता ते लवकर थंड करायचे, उकळत्या पाण्याने धुतलेल्या भांड्यात भरायचे आणि बिअरचे यीस्ट घालायचे. झाकणातून एक नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवायचे, म्हणजे आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. १८ ते २० अंशांत काम नीट होते. आपल्याकडे एवढा थंडावा पौष-माघातच, तोही रांजणासारखे ओले पोते गुंडाळून. उन्हाळ्यात केले तर आंबते खरे, पण वास बिघडतो. दहा-पंधरा दिवसांत बुडबुडे थांबतात. ते पुरते थांबल्यावरच लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या बंद करायच्या. घाई केली तर बाटली बॉम्बसारखी फुटते. आणखी दोन आठवड्यांनी, चार-पाच टक्के मद्यार्काची, तांबूस, फेसाळ बिअर तयार होते.

एवढेच आहे ते. त्यात कसली जादू नाही आणि परदेशी यंत्रही नाही. सत्वाची रीत, आंबिलीची रीत, आणि थोडी स्वच्छता.

आता हिशेब करा

एक क्विंटल ज्वारीचे, घट वजा जाता, साधारण ऐंशी किलो माल्ट होते. किलोमागे चार लिटर धरले तर तीनशेवीस लिटर बिअर. सांडलवंड सोडून तीनशे धरा. ६५० मिलीच्या साडेचारशेवर बाटल्या झाल्या. क्विंटलला तुमच्या मोंढ्यात काय मिळाले ते तुम्हाला माहीत, आणि गावाबाहेरच्या दुकानात बाटली काय भावाने जाते तेही काहींना माहीत. भागाकार तुम्हीच करा. बाटलीच्या किमतीत सरकारचा कर असतो, काच असते, वाहतूक असते, दुकानदार असतो, हे आम्हाला मान्य. पण त्या सगळ्यांचे भागल्यावर दाणा पिकवणाऱ्याच्या वाट्याला काय येते?

आणखी एक गोष्ट या हिशेबात बसवा. ज्वारीवर पाऊस पडला, कणीस काळे पडले, की ती दारूच्या कारखान्यात जाते. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आणले, तेव्हाही खराब ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल असेच सांगितले गेले. म्हणजे आपला माल सडल्यावर त्याला गिऱ्हाईक. बिअरचे उलटे आहे. काळी पडलेली ज्वारी उगवत नाही, आणि जी उगवत नाही तिचे माल्ट होत नाही. बिअरला बियाण्याच्या तोडीचा दाणा लागतो. चांगल्या मालाला चांगला भाव द्यायला लावणारा हा धंदा आहे, आणि नेमका तोच आपल्याला बंद आहे.

ही बंदी आली कुठून?

त्याचे उत्तर या उरणातच आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, उरण पनवेल तालुक्यात मोडत असे तेव्हा, मुंबईला लागणारी मोहाची दारू इथे गाळली जात असे. पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या. त्याआधी मोह गाळणे हे ठाणे-कुलाब्याच्या डोंगरातल्या कातकरी-ठाकरांच्या घरचे काम होते. सणाला, लग्नाला, मयताला लागेल तेवढे. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्ह्यात गेली आणि गाळण्याचा हक्क मक्तेदाराच्या हाती गेला. ताडामाडावर झाडागणिक कर बसला. तरीही लोक चोरून गाळतात म्हणून १८९२ मध्ये खास कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. चैत्रात झाडाखाली पडणारे फूल, जे दुष्काळात पोटाला आधार होते, ते बाळगणेही संशयाचे झाले.

यात दारू कमी झाली का? नाही. दारू पूर्वीइतकीच राहिली, फक्त ती विकत घ्यावी लागली. घरचे भांडे गेले, मक्तेदाराचे दुकान आले आणि सरकारचा गल्ला भरला. कापसाच्या शेतकऱ्याला हे ओळखीचे वाटेल. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदीत आपलाच कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरत होता. माल आपला, गुन्हेगारही आपणच.

आफ्रिकेतही हेच झाले, आणि तेही ज्वारीवर. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात १९०९ पासून ज्वारीची बिअर विकण्याचा मक्ता नगरपालिकेने स्वतःकडे घेतला. घरी बिअर करून चार पैसे मिळवणाऱ्या बायका गुन्हेगार झाल्या. नवऱ्याचा पगार पालिकेच्या गुत्त्यात जाऊ लागला. १९५९ साली तिथल्या केटो मॅनर वस्तीच्या बायकांनी त्या गुत्त्यांवरच मोर्चे नेले. त्यांचे म्हणणे आपल्या मायबहिणींना लगेच कळेल. दारूचा नफा सरकारने घ्यायचा आणि तिचा संसार आम्ही ओढायचा, हे कोणत्या न्यायाने?

दुसरीकडे काय झाले?

नायजेरियाने १९८८ पासून बार्लीच्या माल्टची आयात बंद केली. ज्वारीची बिअर बाटलीत टिकणार नाही, असे म्हणणारे कारखानदार तिथेही होते. माल्ट मिळेना तेव्हा त्याच कारखान्यांनी ज्वारी आणि मका वापरून बिअर काढली. पुढे बंदी उठली, तरी ज्वारी गेली नाही. युगांडात २००२ साली स्थानिक ज्वारीची ‘ईगल’ नावाची बिअर निघाली. सरकारने तिच्यावरचा कर कमी ठेवला, आणि कारखाना हजारो लहान शेतकऱ्यांकडून ज्वारी घेऊ लागला.

अमेरिकेत १९७८ सालापर्यंत घरी बिअर करणे कायद्यात बसत नव्हते. त्या वर्षी कायदा बदलला आणि घरटी ठरावीक मर्यादेत, विक्रीशिवाय, बिअर करायला मोकळीक मिळाली. तेव्हा त्या देशात बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते. आज नऊ हजारांवर आहेत. त्यांतले कितीतरी घरच्या भांड्यावर हात बसवलेल्या माणसांनी काढलेले.

आणि आपल्याकडे? द्राक्षाच्या वाइनसाठी राज्य सरकारने २००१ साली खास धोरण आणले, करात सूट दिली. द्राक्षवाल्यांचे भले झाले, त्याचा आम्हाला आनंद आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत यंत्रे बसवून ताजी बिअर करायचे परवाने मिळू लागले, त्यालाही पंधरा वर्षे उलटली. द्राक्षाला चालते, काजूला चालते, शहरातल्या हॉटेलला चालते. मग कोरडवाहू ज्वारीनेच काय घोडे मारले?

मायबहिणींचा प्रश्न

मघापासून एक प्रश्न सभेत आहे आणि तो कुणी मोठ्याने विचारलेला नाही. घरोघर बिअर झाली तर आमचे काय होईल?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. गडचिरोलीच्या लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. गावोगाव बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकाने बंद केली. तो त्यांचा हक्क आहे, आणि आमच्या कोणत्याही मागणीने तो रतीभर कमी होता कामा नये. चार टक्क्यांची बिअरसुद्धा दारूच आहे, ज्याला व्यसन आहे त्याला तीही पुरते, हेही आम्ही लपवत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ते विष आंबवण्यातून आले नव्हते. मिथेनॉल नावाचे कारखान्यातले रसायन दारूत मिसळून विकले गेले होते. जिथे उघड धंद्याला वाट नाही आणि चोरट्या धंद्याला आहे, तिथे पिशवीत काय आहे हे विकणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसते. आज बहुतेक गावांत दारू मिळते. ती कोणी केली, कशाची केली, पैसा कुठे गेला, यातले काहीही गावाच्या हातात नाही.

म्हणून आमच्या मागण्या चारच आहेत. एक, स्वतःच्या घरच्या वापरासाठी, विक्री न करता, ठरावीक लिटरपर्यंत बिअर करणे गुन्हा नसावा. दोन, गावपातळीवर लहान बिअर-उद्योगाला बचत गटाला परवडेल अशा फीमध्ये परवाना मिळावा; पण तो गावातल्या बायांच्या बहुमतानेच द्यावा आणि त्यांच्याच मताने काढून घेता यावा. तीन, स्थानिक ज्वारी-बाजरीच्या बिअरला वाइनसारखी करसवलत असावी. चार, प्रत्येक घाण्याची तपासणी तालुक्याला होण्याची सोय असावी. ज्या जिल्ह्याला बंदी हवी, त्याने बंदी ठेवावी. ठरवू द्या गावाला.

गावी गेल्यावर

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. ज्वारीला मोड आणायला, वाळवायला, दळायला आणि ते पीठ विकायला दारूच्या परवान्याची गरज नाही. बंदी सुरू होते ती आंबवण्यापासून. आणि मघाशी पाहिले, किंमत वाढते ती मोडापासूनच.

तेव्हा प्रत्येकाने गावी जाऊन एवढे करा. आपल्या घरच्या ज्वारीचे शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवा. तिसऱ्या दिवशी किती उगवले ते मोजा. वाण कोणता, खरीप की रब्बी, कणसावर पाऊस पडला होता की नाही, हे त्याच कागदावर लिहा. नव्वदच्या वर उगवले तर तुमच्याकडे माल्टचा दाणा आहे. साठ उगवले तर मळणी आणि साठवण कुठे चुकते ते शोधायला हवे. दोन-चार किलोचे माल्ट करून पाहा, कोंब नीट पाखडा, पाणी घालून चांगले उकळा, आणि घरातल्या म्हातारीला पेज करून द्या. ती चव बरोबर सांगेल.

हे कागद पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. मागणी घेऊन मुंबईला जाऊ तेव्हा हातात निवेदनाबरोबर आकडे असले पाहिजेत, आपल्याच शेतातले, आपणच मोजलेले.